अक्का जे जे सोडायची

नागपूरचं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी अक्कापुढं चहाची कपबशी ठेवली, तर तिनं कपावर तळहात पालथा घातला.

"नको. सोडलाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चहा हे तिचं एकमेव व्यसन. शाळेतून शिकवून आली की चपला पायात असतानाच जिन्यातून हाक मारायची, "टाक गं आधण." तिचा चहा म्हणजे आलं ठेचून घातलेला, तोंड पोळेल इतका गरम, आणि बशीत न ओतता थेट कपानं. अशा बाईनं चहा सोडला म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"कामून सोडला?" मी विचारलं.

"कामून म्हंजे? असंच. देवाच्या नावानं."

"पण कशासाठी?"

"लई इचारतीस बाई तू. पी, तुझा निवून जाईल."

मला पिववेना. कपातला चहा मी मोरीत ओतला आणि कॉलेजला निघाले. तिथं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तात्पुरती सहायक होते. नागपूरची नोकरी मात्र सरकारी आणि कायमची होती. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम, आणि महिन्याच्या आत हजर व्हायचं. मला ती नोकरी हवी होती. बाटलीतल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय लपलंय ते शोधून काढायचं, आणि वर त्याचा पगार मिळायचा, यापेक्षा मजेचं काम मला आजही सुचत नाही.

आमच्या घराचं थोडं सांगते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, दादा अकराचा आणि अक्का एकोणीसची. वडील करमाडला शेती बघायचे. अक्का पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य जायच्या आधीची, मी नंतरची. तिचे पाढे उर्दूत पाठ होते आणि चिडली की ती आम्हाला उर्दूत दहा आकडे मोजून दाखवायची. दहा व्हायच्या आत आम्ही सुतासारखे सरळ. तिला औरंगाबादेत प्राथमिक शाळेत नोकरी लागली तशी तिनं आम्हा दोघांना शहरात आणलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, काकूंच्या घरी माडीवर दोन खोल्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांचे यजमान निजामाच्या काळापासून कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोकांना मुहूर्त काढून द्यायचे.

अक्कानं लग्न केलं नाही. दोन चांगली स्थळं आली ती आमच्यापायी परत गेली. हे ती स्वतः कधी बोलून दाखवायची नाही. त्या कामाला आत्या होत्या, मावश्या होत्या.

आणि अक्कानं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. हे सगळे कौतुकानं सांगायचे, मीही सांगायची. पण तिनं चहा सोडला त्या दिवशी बीकरमध्ये चहा उकळून पिताना (प्रयोगशाळेत आम्ही तसाच करायचो, कप कुठले?) मला एक विचित्र गोष्ट जाणवली. आमच्या घरात गेली सतरा वर्षं सगळं अक्काच्या मनासारखंच होत आलं होतं. जी बाई कधी काही मागत नाही तिला सगळं मिळतं कसं? मला राग आला नव्हता, खरं सांगते. मला उत्सुकता वाटली. एखाद्या जादूगाराच्या बाहीत शेवटी आहे काय, तशी.

मी आठवायला बसले.

आई गेल्यावर दोन वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न करायचं मनात आणलं होतं. तेव्हा अक्कानं गूळ सोडला. मला कॉलेजातून पंधरा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं तेव्हा तिनं वांगं सोडलं, आणि वांग्याचं भरीत तिच्या जिवाचं. दादाला सिकंदराबादला रेल्वेत नोकरी लागायची होती त्या उन्हाळ्यात तिनं चपला सोडल्या. मोठी गोष्ट असली की सोमवारी वेरूळला जाऊन, घृष्णेश्वरापुढं हात जोडून सोडायची. बारीकसारीक घरच्या देव्हाऱ्यापुढं. कशासाठी ते कधीच सांगायची नाही. सांगायचे ते शेजारीपाजारी. "पोरांचं भलं व्हावं म्हणून करती बिचारी." आणि तिनं सोडलेलं तिच्यासमोर खायचं कुणाचं धाडस? अक्कानं चहा सोडला म्हणजे घरात चहा बंद. कुणी बंदी घातली नव्हती, पण चूलच पेटायची नाही त्यासाठी. दादा बाहेर हॉटेलात प्यायचा, मी बीकरमध्ये.

तिसऱ्या दिवशी अक्काचं डोकं दुखायला लागलं. चहाची सवय सुटली की दुखतं, त्यात नवल नाही. कपाळाला फडकं आवळून ती शाळेत जायची आणि आल्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. मी बाम चोळायला बसले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. तुला जायची तयारी असंल. मला काय, होईल बरं."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, भर प्रयोगशाळेत मी नागपूरला पत्र लिहिलं. घरगुती अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. पाकिटात घातलं, पत्ता घातला, पाकीट पर्समध्ये ठेवलं. टाकलं नाही. उद्या टाकू म्हटलं. पण पर्स उघडली की ते दिसायचं आणि मी घाईनं पर्स मिटायची.

काकूंकडं मी गेले ते विरजण मागायला. त्या अंगणात वाती वळत बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काकू, सोडलेली वस्तू परत कधी धरायची असते हो?"

"काशीला जाऊन सोडलेली असेल तर जन्मात नाही," काकू म्हणाल्या. "बाकी मनातलं काम झालं की धरायची. देवानं ऐकलं, आपण फेडलं. अगं, काम झाल्यावरही सोडूनच बसलं तर ते देवावर अविश्वास दाखवल्यासारखं नाही का?"

"आणि काम कोणतं ते सांगायचं कुणाला?"

"कुणालाच नाही. सांगितलं की नवसाचा जोर जातो."

"मग बाकीच्यांना कळायचं कसं?"

"बाकीच्यांना कशाला कळायला हवं? तू फार चौकस आहेस हं. सासरी अवघड जाईल."

विरजणाची वाटी घेऊन मी जिना चढत होते आणि मधल्याच पायरीवर थांबले. इतकी वर्षं आम्ही सगळे एकाच दिवसाकडं बघत होतो. अक्कानं अमुक सोडलं तो दिवस. त्याची चर्चा व्हायची, हळहळ व्हायची. ती वस्तू तिनं परत कधी धरली, याकडं कुणी बघतच नव्हतं. ती गाजावाजा न करता केव्हातरी खायला लागायची आणि आम्हाला बरं वाटायचं, एवढंच. पण काकूंचा नियम खरा असेल, तर धरायच्या दिवसाच्या थोडं आधी काय घडलं ते बघितलं की तिनं देवाकडं काय मागितलं होतं ते कळायला पाहिजे. पाण्यात काय आहे ते ठाऊक नसलं की आम्ही दुसरं द्रावण थेंब थेंब टाकत जातो आणि रंग कुठं बदलतो ते बघतो. हे तेच होतं.

गूळ तिनं संक्रांतीला धरला. हे मला पक्कं आठवतं, कारण मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि आनंदानं माझ्या गूळपोळीतली अर्धी तिला दिली होती. आणि त्याच्या चार दिवस आधी करमाडला, चार पाहुण्यांदेखत वडील म्हणाले होते, "आता ह्या घरात दुसरी बाई नाय यायची." वांगं तिनं धरलं ते शिबिराच्या यादीतून मी नाव काढून आले त्या रविवारी. भरीत मीच केलं होतं.

दोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी प्रयोग केला. आज सांगायला लाज वाटते, पण केला.

सीताफळांचे दिवस होते. दादानं दौलताबादच्या बाजूच्या सीताफळांची करंडी आणून ठेवली होती आणि अक्का रोज संध्याकाळी दोन खायची. मी एका सकाळी खोटंच म्हणाले, "अक्का, नागपूरच्या आधी मला पुण्याला जायचंय. मैत्रिणीचं लग्न आहे. आठ दिवस लागतील."

"जा की. मी कुठं नाय म्हणायले?" अक्का म्हणाली.

संध्याकाळी तिनं सीताफळ घेतलं नाही. खोकला येतो म्हणाली. दुसऱ्या दिवशी दादानं आग्रह केला तर म्हणाली, "सोडलंय रे." दादानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं.

तीन दिवस मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "लग्न पुढं ढकललं गं. आता नाही जात पुण्याला." अक्का "असं व्हय?" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. दुसऱ्याच संध्याकाळी तिनं करंडीतलं एक सीताफळ दाबून बघितलं आणि फोडलं.

"खोकला गेला का?" मी विचारलं.

"व्हय, गेला."

मला काय आनंद झाला! अंदाज बरोबर निघाला की प्रयोगशाळेत जो होतो तोच, निव्वळ. आणि तेवढ्यात अक्कानं फोडलेल्या सीताफळातला मोठा, जास्त गराचा अर्धा भाग माझ्यापुढं धरला. "घे, गोड हाय. तुला मोठ्या डोळ्याचं लागतं ना."

मी तो हातात घेतला. ज्या बाईनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या तापात उशाशी बसून राहिली, तिला मी बाटलीत भरून तपासत होते. आणि ती खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. नाटकी बाई असती तर मी केव्हाच हसून मोकळी झाले असते. अक्काला मनापासून वाटत होतं की ती आमच्यासाठी देवाकडं काहीतरी मागतेय आणि त्याची किंमत स्वतःच्या जिभेनं चुकवतेय. तिचं डोकं खरंच दुखत होतं. माझ्यावरची तिची माया खरीच होती. फक्त ती ताकाला जाताना भांडं लपवत होती, आणि बहुतेक स्वतःपासूनसुद्धा.

उरल्या होत्या दादाच्या नोकरीच्या वेळच्या चपला. त्या प्रकरणात हात घालायला मला भीती वाटत होती, आणि म्हणूनच मी घातला.

ही गोष्ट त्याच्याही सहा वर्षं आधीची. दादाला रेल्वेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि अक्कानं चपला सोडल्या. वैशाखाचं ऊन. सगळे म्हणाले, भावाला नोकरी लागावी म्हणून बहीण अनवाणी चालतेय. नोकरी लागली, पत्र आलं, सगळे म्हणाले फळलं. पण चपला काही तिनं घातल्या नाहीत. "अजून फेडायचंय," म्हणाली. शाळेला सुट्टी होती तरी रोज भर उन्हात मारुतीला जायची, बाजाराला जायची. तळवे भाजून फोड आले, फुटले. दादा सकाळ-संध्याकाळ घमेल्यात कडुनिंबाचं पाणी घेऊन तिचे पाय धुवायचा. "तिचे पाय बरे होऊ दे, मग जातो," असं म्हणत राहिला. रुजू व्हायची तारीख टळली. मग तो गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात लागला आणि तिथंच राहिला.

चपला तिनं परत घातल्या त्या शाळा उघडणार म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. पण मला आठवत होतं की नव्या चपला आणायला मी तिच्याबरोबर गेले होते आणि वाटेत वडाला सूत गुंडाळून आलेल्या काकू भेटल्या होत्या. म्हणजे वटपौर्णिमा. दादाच्या ट्रंकेत ते रेल्वेचं पत्र अजून होतं. काकूंच्या यजमानांकडं जुनी पंचांगं ढीगभर. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. रुजू व्हायची मुदत वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपत होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दादाला मिळावं म्हणून नव्हे, त्यानं जाऊ नये म्हणून ती अनवाणी चालली होती. आणि या माणसानं रोज तिचे पाय धुतले होते.

दादाला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला दुकानावर गेले. तो कापडाची ठाणं गुंडाळत होता. माझा चेहरा बघून त्यानं हातातलं तसंच ठेवलं आणि मला शेजारच्या हॉटेलात नेलं. दोन चहा सांगितले. मी सगळं सांगितलं. गूळ, वांगं, सीताफळ, पंचांग. तो बोलायला लागेल, चिडेल, टेबलावर मूठ आपटेल अशी माझी कल्पना. तो बशीत चहा ओतून फुंकत बसला.

"मला मालूम हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तिनं चपला घातल्या त्याच दिवशी. मी काय येडा हाय का?"

"मग तू काहीच बोलला नाहीस? तुझी नोकरी गेली तिच्यापायी!"

दादानं बशीतला घोट संपवला. मग खाली बघत म्हणाला, "तिच्यापायी नाय गेली. मलाच जायचं नव्हतं. सिकंदराबादला वळखीचं कुत्रं नव्हतं आपलं. मला भ्याव वाटत व्हतं. पण समदे म्हणत व्हते, पोरानं नशीब काढलं. नाय कसं म्हणू? कुणाला सांगू? मग तिचे पाय फुटले." त्यानं बशी खाली ठेवली. "खरं सांगतो, ते फोड बघून मला बरं वाटलं. तिच्या पायाच्या आडून ऱ्हायलो मी. तिला वाटतं देवानं ऐकलं. ऐकलं ते मी."

इतके दिवस मी जुळवलेलं सगळं बरोबर होतं आणि तरीही निम्मंच होतं.

"तू किती दिस झाले हे तपासायलीस?" दादानं विचारलं.

"अठरा दिवस."

"आन् पत्रात किती दिलेत?"

"तीस."

"मग तू कवा जायलीस?"

मी म्हणाले, "आधी अक्काचं काय ते नीट समजून घेते, मग..." आणि थांबले. दादा माझ्याकडं बघत होता. चिडवत नव्हता, हसत नव्हता. माझ्या मांडीवर पर्स होती आणि तिच्यात ते नकाराचं पाकीट. नोकरी नाकारायचं पत्र मी अक्काची डोकेदुखी बघून लिहिलं, असं मी मला सांगितलं होतं. पण नागपूरला मी कुठं राहणार, एकटी खोलीत कशी झोपणार, वरिष्ठ कसे असतील, या विचारानं मलाही घाम फुटत होता, आणि ते मी कुणाजवळ बोलले नव्हते. चहाच्या आड उभं राहायला मला छान जागा मिळाली होती. वर मी तिचा अभ्यास मांडला होता. माझी चौकस बुद्धी, जिचा मला एवढा गर्व, ती मला अठरा दिवस घरातच बसवून होती.

मला माझाच इतका राग आला की मी हॉटेलातच पाकीट फाडलं. हॉटेलवाला तुकडे बघून म्हणाला, "क्या हुआ बहन, सब खैरियत?" दादा म्हणाला, "खैरियत है." तिथून मी सरळ स्टँडवर गेले आणि नागपूरचं सोमवारचं तिकीट काढलं.

घरी आले तेव्हा अक्का मेथी निवडत होती. ऊन अजून खिडकीत होतं. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली आणि म्हणाले, "अक्का, मी सोमवारी जातेय. तिकीट काढलं."

"जा ना. मी कुठं नको म्हणायले?"

"नाहीच म्हणालीस. पण तुला मी जायला नको असेल तर तसं मला सांग. देवाला नको सांगू, मला सांग. मी ऐकून घेईन."

"अगं, काय बोलतीस? देवाच्या नावानं सोडला म्या चहा."

"बरं," मी म्हणाले.

मग मी उठले आणि चहा टाकला. एकच कप. आलं ठेचलं. तो कप घेऊन मी तिच्यासमोर येऊन बसले आणि प्यायले. तुम्हाला हसू येईल, पण त्या घरात त्याहून अवघड काम मी केलं नाही. अक्का बघत राहिली. मेथीची काडी तिच्या हातात तशीच.

"डोकं लई ठणकायलंय," मी कप खाली ठेवला तशी ती म्हणाली.

मी बाम आणला. कपाळावर, मानेवर नीट चोळला. ती डोळे मिटून पडली होती आणि मी चोळता चोळता म्हणाले, "सोमवारी सकाळी सातची गाडी आहे."

ते चार-पाच दिवस सोपे नव्हते. एक दिवस ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं, एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. एक दिवस म्हणाली, "मी मेले तर तार करतील तुला." मी म्हणाले, "करतील. मी लगेच येईन." काकू जिन्यात गाठून म्हणाल्या, इतकी वर्षं तुमच्यासाठी झिजली ती, आणि तू तिच्यासमोर चहा पितेस? मी म्हणाले, "हो काकू, झिजली. मी कुठं नाही म्हणते?" बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे वाक्य अक्काचं आहे. मी जिन्यातच हसले आणि वर येऊन मोरीत तोंड धुतलं, कारण हसता हसता रडू फुटलं होतं. प्रेम कमी असतं तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

सोमवारी दादानं माझी ट्रंक बसच्या टपावर चढवली. अक्का स्टँडवर आली होती. येणार नाही म्हणाली होती, पण निघायच्या वेळी पदर सारखा करून जिन्यात उभी होती. मी खिडकीची जागा धरली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, खिडक्यांचे गज थरथरायला लागले, आणि अक्का पुढं आली. तिनं खिडकीचा गज धरला. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय.

"जाऊ नको ना गं," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी बाहेर वाकले.

"जाऊ नको. तुझ्याबिगर मला करमायचं नाय. घर खायला उठंल मला." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "मला भ्याव वाटतंय."

आयुष्यभर जे ती वेरूळच्या देवाला सांगत आली होती ते मला सांगत होती. इतकं साधं होतं ते. ही दोन वाक्यं तिनं पत्र आलं त्या दिवशी म्हटली असती तर मी नागपूरला गेले नसते, हे मला तिथं, त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. आनंदानं राहिले असते. कदाचित जन्मभर.

मी गजावरचे तिचे हात धरले. खडूनं कोरडे पडलेले हात. मलाही भीती वाटत होती, ते मी तिला सांगितलं. म्हणाले, "मला पण भीती वाटतेय अक्का. लई वाटतेय."

"मग जाऊ नको."

"जाणार, अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. गाडी हलली तसे तिचे हात सुटले. मी तिला पहिल्यांदाच नाही म्हणाले होते. त्याआधी तिनं माझ्याकडं कधी काही मागितलंच नव्हतं.